ऑस्ट्रेलियाला निघालेल्या सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

सांगली-मिरजेत आता दर दोन-चार गल्ल्यांआड एक तरी घर असं निघतं, की ज्यातलं कोणीतरी ऑस्ट्रेलियात आहे. आई-बाबा बाळंतपणासाठी निघतात, काका-काकू नातवंडांना सांभाळायला, तासगाव-पलूसकडचे बागायतदार द्राक्षं बघायला आणि काही जण नुसते हिंडायला. निघण्याआधी जे जे विचारलं जातं, ते इथं एकत्र केलं आहे. बऱ्याच प्रश्नांवर मला आधी ‘कुठल्या शहरात?’ असा उलटा प्रश्न करावा लागतो, त्याला इलाज नाही. ‘ऑस्ट्रेलियात थंडी असते का’ याला उत्तर नसतं, ‘जुलैत मेलबर्नला थंडी असते का’ याला असतं.

देश नेमका केवढा आहे?

क्षेत्रफळ सुमारे ७६.९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून जास्त. जगात सहावा. माणसं मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख होती, आता विचार करा.

आपला सांगली जिल्हा ८,५७२ चौरस किलोमीटरचा, त्यात २०११ साली २८ लाख लोक. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅना क्रीक नावाचं गुरं राखायचं रान आपल्या अख्ख्या जिल्ह्याहून मोठं आहे, आणि तिथली सगळी माणसं एका एसटीत मावतील. देशाचा मधला भाग बहुतेक कोरडा, म्हणून वस्ती सगळी कडेकडेनं, समुद्रालगत. दर पाच माणसांतली दोन तर सिडनीत नाहीतर मेलबर्नमध्येच राहतात. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत साधारण ४,००० किलोमीटर. नकाशात हा देश एका कोपऱ्यात एकटा पडलेला असतो, शेजारी मापाला काही नसतं, त्यामुळं तो लहान वाटतो. तिकिटं काढताना हीच फसगत होते.

मुलगा पर्थला आहे आणि पुतण्या सिडनीला. शनिवार-रविवारात जाऊन येता येईल ना?

नाही. पर्थ ते सिडनी हवाई अंतर ३,२०० किलोमीटरहून जास्त आहे. विमानालाच साडेचार-पाच तास लागतात. पर्थला सर्वांत जवळचं मोठं शहर म्हणजे अ‍ॅडलेड, तेही २,१०० किलोमीटरवर. त्याच्या मानानं आपल्याला दिल्ली जवळ आहे.

हौस आणि पैसा दोन्ही असेल तर ‘इंडियन पॅसिफिक’ ही रेल्वे आहे. सिडनी ते पर्थ ४,३५२ किलोमीटर, वाटेत तीन रात्री. नलरबॉर पठारावर ती सलग ४७८ किलोमीटर एकही वळण न घेता जाते. जगातला सर्वांत लांब सरळ लोहमार्ग तो हाच. पण ही महागडी सहल आहे, आपल्या महालक्ष्मी एक्स्प्रेससारखी रात्री बसून सकाळी उतरायची गाडी नव्हे.

सिडनी-मेलबर्न त्यातल्या त्यात जवळ, रस्त्यानं ८८० किलोमीटर. गाडीनं पूर्ण दिवस जातो, विमानानं दीड तास. महिनाभरासाठी जाणार असाल तर दोन शहरं नीट बघा, फार तर तीन. सहल कंपन्यांच्या पत्रकात दहा दिवसांत पाच शहरं असतात, त्यातले निम्मे तास विमानतळावर जातात हे पत्रकात छापलेलं नसतं.

राजधानी सिडनी ना?

कॅनबेरा. १ जानेवारी १९०१ ला सहा वसाहती एकत्र येऊन देश झाला, तेव्हा राजधानी कुणाकडं यावरून सिडनी आणि मेलबर्न अडून बसले. तोडगा असा निघाला, की राजधानी न्यू साउथ वेल्स राज्यात असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, आणि ती उभी राहीपर्यंत संसद मेलबर्नला भरेल. १९०८ साली जागा ठरली, १९१३ साली नाव ठेवलं आणि १९२७ साली संसद तिथं गेली. आपण नागपूरला हिवाळी अधिवेशन देऊन समाधान केलं, त्यांनी माळावर नवं शहरच वसवलं. वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि मॅरियन महोनी ग्रिफिन या नवरा-बायकोनं त्याचा आराखडा केला होता. सिडनीहून गाडीनं तीन-साडेतीन तास लागतात. संसद भवन आतून बघता येतं.

राज्यं सहा: न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया. शिवाय उत्तर प्रदेश नावाचा भाग (आपला यूपी नव्हे, डार्विनचा) आणि राजधानीचा वेगळा प्रदेश. राष्ट्रप्रमुख अजूनही ब्रिटनचा राजा आहे. मतदान सक्तीचं आहे, १९२४ पासून. न केल्यास दंड.

सांगलीतून फोन किती वाजता लावायचा?

सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं, अ‍ॅडलेड चार, पर्थ अडीच. यात एक मेख आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत सिडनी, मेलबर्न, कॅनबेरा, होबार्ट, अ‍ॅडलेडची घड्याळं एक तास पुढं करतात. ब्रिस्बेन, डार्विन आणि पर्थवाले करत नाहीत. म्हणजे डिसेंबरात सिडनी साडेपाच तास पुढं असतं आणि त्याच किनाऱ्यावरचं ब्रिस्बेन साडेचारच. इथून रात्रीची जेवणं उरकून नऊला फोन लावला, तर सिडनीत पहाटेचे अडीच वाजलेले असतात. दुपारी लावा.

थंडी कधी असते? स्वेटर न्यायचा का?

ऋतू उलटे. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट थंडी. नाताळ कडक उन्हात. मे महिन्याच्या सुट्टीत निघाल तर तिथं थंडीची सुरुवात असेल. सांगलीच्या चाळीस अंशातून थेट मेलबर्नच्या बारा-तेरा अंशात उतरणाऱ्यांनी जाड स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवावा. मेलबर्नची हवा दिवसातून चार वेळा बदलते असं तिथलेच लोक म्हणतात. उत्तरेकडच्या डार्विन आणि केर्न्सकडं मात्र थंडी नाहीच, एक पावसाळा आणि एक कोरडा काळ.

ऊन आपल्यासारखंच दिसतं, पण कातडी जास्त भाजतं. टोपी आणि सनस्क्रीन हा तिथं नटण्याचा भाग नाही. शाळेत टोपी नसेल तर पोरांना मैदानात सोडत नाहीत.

व्हिसा कोणता आणि पासपोर्टवर शिक्का कुठं असतो?

भेटीला जाणाऱ्यांसाठी ६०० क्रमांकाचा व्हिसा. अर्ज ऑनलाइन, सरकारी संकेतस्थळावर. मिळाल्यावर पासपोर्टवर काहीच चिकटवत नाहीत, सगळं त्यांच्या संगणकात. ईमेलनं येणारं पत्र मात्र छापून जवळ ठेवा आणि नीट वाचा. त्यात किती दिवस राहता येईल ते असतं. ८५०३ हा आकडा दिसला, तर तिथं गेल्यावर मुक्काम वाढवण्यासाठी अर्ज करता येत नाही असं समजा. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. फी साधारण दर १ जुलैला बदलते, म्हणून इथं आकडा देत नाही.

भडंग, हळद, बेदाणे, कंदी पेढे यातलं काय नेता येतं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

उतरण्याआधी एक कार्ड भरायला देतात. त्यावर हो-नाहीच्या चौकटी असतात: मांस, मासे, अंडी, दूध, फळं, भाज्या आणलीत का? धान्य, बी-बियाणं, लाकडी वस्तू? गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होता का? आपल्याकडच्या निम्म्या लोकांचं या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो’ असतं. खुशाल ‘हो’ लिहा. फार तर बूट बघतील, तळव्याला माती आहे का म्हणून. तेव्हा रानात घातलेली चप्पल धुऊन न्या, नाहीतर नेऊच नका.

नियम सोपा आहे: खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची. जाहीर केली आणि चालत नसली, तर ती काढून घेतात आणि तुम्हाला सोडतात. लपवली आणि सापडली, तर दंड हजारो डॉलरमध्ये जाऊ शकतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. सापडते, कारण कुत्री असतात आणि स्कॅनर असतात.

काउंटरवर साधारण असं होतं. अधिकारी बॅग उघडायला सांगते. भडंगाचं कारखान्यातलं बंद पाकीट उचलते, मागचं लेबल वाचते, मुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, पाकीट उलटसुलट करते आणि बहुतेक वेळा परत ठेवते. मग तिचा हात कागदी खोक्यावर जातो. साताऱ्याहून खास आणलेले कंदी पेढे. काकू म्हणतात, “प्रसादाचे आहेत हो!” तिला प्रसाद कळत नाही असं नाही, पण पेढे पिवळ्या पिशवीत जातात.

कारण दुधात आहे. आपल्याकडं लाळ-खुरकत हा गुरांचा साथीचा रोग आहे, ऑस्ट्रेलियात ती १८७२ नंतर झालेली नाही. एवढ्या गुरामेंढरांच्या देशात ती शिरली तर काय होईल, हे ज्यांच्या गोठ्यात लाळ-खुरकत येऊन गेली त्यांना समजावून सांगायला नको. म्हणून पेढे, बर्फी, खवा, दुधाची कुठलीही मिठाई घरीच ठेवा. राखीत, तोरणात बिया असल्या तरी अडवतात. दळलेली हळद आणि मसाले कंपनीच्या बंद पाकिटात न्या आणि जाहीर करा. हळकुंडं, मेथ्या, तुळशीचं बी, रोपाची काडी नकोच. बेदाणे बंद पाकिटात नेऊन जाहीर करता येतात, पण त्यांच्याकडंही चांगले मिळतात, त्याबद्दल पुढं.

औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख असेल तर तीही जाहीर करायची.

पैसे कसे न्यायचे?

ऑस्ट्रेलियन डॉलर, अमेरिकन नव्हे. नोटा ५, १०, २०, ५० आणि १०० च्या, प्लास्टिकच्या. प्लास्टिकची नोट जगात पहिल्यांदा त्यांनीच काढली, १९८८ साली. धोतराच्या सोग्यात राहून धुतली गेली तरी काही होत नाही. दोन डॉलरचं नाणं एक डॉलरच्या नाण्याहून लहान असतं, पहिले काही दिवस गोंधळ होतोच. एक आणि दोन सेंटची नाणी बंद झाल्यामुळं रोख बिल पाचाच्या पटीत करतात. बाकी सगळीकडं कार्ड टेकवून चालतं. टीप द्यायची सक्ती नाही.

आजारी पडलो तर?

विमा काढल्याशिवाय जाऊ नका. तिथली सरकारी आरोग्य योजना काही देशांच्या पाहुण्यांना लागू होते, भारत त्यात नाही. डॉक्टर, दवाखाना आणि रुग्णवाहिका, सगळ्याचं बिल येतं. जुना मधुमेह, रक्तदाब, बायपास असेल तर विम्याच्या अर्जात लिहा. लपवून पाच-सहा हजार रुपये वाचवणारे लोक नंतर किती मोठ्या बिलात सापडतात, ते आम्ही बघितलं आहे. तातडीचा क्रमांक ०००. मोबाइलवरून ११२ पण लागतो.

शहरात फिरायचं कसं?

सिडनीत ओपल कार्ड किंवा सरळ बँकेचं कार्ड टेकवायचं, रेल्वे, बस, फेरी सगळ्याला चालतं. सर्क्युलर की या धक्क्यावरून फेरीबोट पकडली, की एका बाजूला १९३२ सालचा हार्बर ब्रिज आणि दुसऱ्या बाजूला १९७३ साली उघडलेलं ऑपेरा हाउस, दोन्ही साध्या तिकिटात. मेलबर्नला मायकी कार्ड. तिथलं ट्रामचं जाळं जगात सर्वांत मोठं आहे, साधारण २५० किलोमीटर, आणि मधल्या शहरात ट्राम फुकट आहे. त्या हद्दीत कार्ड टेकवायचं नाही, टेकवलं तर पैसे जातील.

गाडी चालवता येईल?

येईल, डाव्या बाजूनंच. आपला परवाना आणि सांगलीच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही न्या, राज्यागणिक नियम थोडे वेगळे आहेत. मागं बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा. पट्ट्याची सक्ती जगात पहिल्यांदा व्हिक्टोरियानं केली, १९७० साली. सात वर्षांखालच्या मुलाला खास खुर्ची लागते. नातवाला मांडीवर घेऊन बसणं बंद, आजीला कितीही वाईट वाटलं तरी.

शहराबाहेर संध्याकाळी कांगारू आडवे येतात. आतल्या भागात तीन-चार ट्रेलर ओढणारे ट्रक असतात, पन्नास मीटरहून लांब. आपल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांना ओलांडण्याचा अनुभव तिथं कामाला येत नाही. पुढचा पेट्रोल पंप दोनशे किलोमीटरवर असू शकतो, मोबाइलला रेंज नसते. टाकी आणि पाण्याचे कॅन भरल्याशिवाय पुढं जायचं नाही.

शाकाहारी जेवण मिळतं का? पाणी?

नळाचं पाणी शहरांत बिनधास्त प्या. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाखांच्या आसपास लोक तिथं होते, त्यामुळं ज्वारीच्या पिठापासून पोह्यांपर्यंत सगळं भारतीय दुकानांत मिळतं. सिडनीचं हॅरिस पार्क आणि मेलबर्नचं डँडेनाँग त्यासाठी प्रसिद्ध. दुकानं मात्र बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी पाच-साडेपाचला मिटतात.

आम्ही द्राक्षवाले. बघण्यासारखं काय?

मिल्डुरा. मेलबर्नहून ५४० किलोमीटर, मरे नदीच्या काठी. पाऊस आटपाडी-जतइतकाही नाही, पण १८८७ साली चॅफी बंधूंनी नदीचं पाणी उचलून बागा उभ्या केल्या. ‘पाणी आलं म्हणून गाव झालं’ हे आपल्याकडच्या ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांवरच्या लोकांना लगेच पटेल.

तासगावच्या बेदाणा शेडवर ज्यानं एक हंगाम काढला आहे, त्याला तिथं काही परकं वाटणार नाही. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुचकळतो आणि मग जाळीवर पसरतो, ती पद्धत ऑस्ट्रेलियातूनच आलेली. मण्याच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्यामुळं आतलं पाणी बाहेर पडत नाही. या द्रावणानं तो थर सैल होतो आणि महिनाभराचं वाळवण पंधरवड्यावर येतं. द्राक्षाच्या ज्या जातीला ते सुलताना म्हणतात, ती आपली थॉमसनच. फरक मजुरीचा. बऱ्याच बागांत ते घड तोडतच नाहीत. वेलीची काडी छाटतात, वेलीवरच द्रावण फवारतात, घड तारेवर लटकत वाळतात आणि मग यंत्र येऊन झाडून नेतं. गंमत म्हणजे ऋतू उलटे असूनही त्यांचा हंगामही फेब्रुवारी-मार्चचाच. त्यांचा तो उन्हाळ्याचा शेवट, आपण ऑक्टोबर छाटणी करून माल त्याच महिन्यांवर आणतो. तेव्हा आपली शेड सोडून जायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. घरचं कोणी मागं राहणार असेल तरच जमतं.

उसाचे शेतकरी असाल तर क्वीन्सलंडला जा, जून ते डिसेंबरात. तोडणीच्या टोळ्या नाहीत, यंत्र तोडतं आणि दोन फुटी रुळांवरच्या छोट्या आगगाड्या ऊस कारखान्यावर नेतात.

क्रिकेटचं मैदान बघायचं तर कुठलं?

सगळे मेलबर्न सांगतात. लाखभर माणसं बसतात, मार्च १८७७ मधली पहिली कसोटी तिथलीच, २६ डिसेंबरची कसोटीही तिथंच. पण सांगलीकरानं अ‍ॅडलेड चुकवू नये. जानेवारी १९४८ मध्ये आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनी तिथं एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केले. समोर ब्रॅडमनचा संघ, गोलंदाजीला लिंडवॉल आणि मिलर. दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत डावानं हरला, हेही सांगून टाकतो. आणि गोल्ड कोस्टला करारा नावाच्या ठिकाणच्या मैदानावर २०२१ साली स्मृती मानधनानं गुलाबी चेंडूवर १२७ केले, ऑस्ट्रेलियात कसोटी शतक करणारी पहिली भारतीय बाई. ती कुठली, हे इथं कुणाला सांगायला नको.

२६ जानेवारीला तिथंही सुट्टी असते म्हणे?

असते. १७८८ साली त्या दिवशी कैद्यांना घेऊन आलेल्या इंग्रजी जहाजांनी सिडनीला झेंडा रोवला. पण मूळ रहिवासी तिथं साठ हजार वर्षांहून जास्त काळ आहेत, त्यांना हा दिवस आक्रमणाचा वाटतो, आणि त्यावरून दरवर्षी मोर्चे निघतात. ‘हॅपी ऑस्ट्रेलिया डे’ म्हणण्याआधी समोर कोण आहे ते बघावं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या भूमीच्या मूळ लोकांचा उल्लेख करतात, तेव्हा गप्पा थांबवाव्यात. मधल्या वाळवंटातला उलुरू हा ३४८ मीटर उंच तांबडा खडक त्यांचं पवित्र ठिकाण आहे. त्यावर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. खालून प्रदक्षिणा करता येते, साधारण दहा किलोमीटरची, उन्हाळ्यात पहाटे निघून.

साप, मगरी, शार्क?

आहेत, पण शहरात भेटतो तो मॅगपाय. काळा-पांढरा पक्षी, वसंतात अंड्यांवर असला की डोक्यावर झडप घालतो. समुद्रात लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं, आणि कृष्णेत पोहतो म्हणून समुद्राच्या ओढीशी पैज लावायची नाही. उत्तरेकडं नद्यांत मगरी असतात, पाटी वाचा.

मिक्सर नेऊ का?

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. पिन मात्र तिरकी, अडॅप्टर लागतो. मिक्सर जड होतो, मुलाच्या घरी असेलच. विचारून घ्या.

परतताना काही पैसे परत मिळतात का?

एकाच विक्रेत्याकडून एकूण ३०० डॉलर किंवा जास्तीची खरेदी निघण्याआधीच्या ६० दिवसांत केली असेल, तर त्यावरचा १० टक्के जीएसटी विमानतळावर परत मागता येतो. पावती विक्रेत्याच्या कर क्रमांकाची हवी, मुलानं पैसे भरले असतील तर तुम्हाला मिळत नाही. वस्तू हातातल्या बॅगेत ठेवा, दाखवायला सांगतात. विमान सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंतच काउंटरवर अर्ज घेतात आणि रांग मोठी असते, तेव्हा विमानतळावर तास-दीड तास लवकर जा.